एकतीस चुकांचं पत्र

सोमवार, १२ ऑगस्ट

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस.

'कुठलं पत्र?' म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. तू मला आयुष्यात एकच पत्र लिहिलंस. त्याचंच हे उत्तर. एकोणतीस वर्षं लागली. मी आळशी नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा कारण दुसरं काहीतरी असणार हे तू ओळखलंच असशील.

फोन केला असता. पण फोनवर तू नुसता 'हं' म्हणतोस, मग मीच बडबडत सुटते आणि मुद्दा राहतो बाजूला. म्हणून लिहिते आहे. अक्षरं मोठी काढली आहेत, ओळींमध्ये भरपूर जागा सोडली आहे आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहिते आहे. वाक्यं आखूड ठेवायचं ठरवलं आहे, पण माझ्या जिभेला हाड नाही तसं माझ्या पेनलाही नाही. घाई करू नकोस. तीन दिवस लागले तरी चालतील. बायकोकडून वाचून घेतलंस तरी माझी हरकत नाही, ती शहाणी आहे. फक्त शनिवारच्या आत वाच.

यापुढे 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायचं असतं. लिहिलं आणि खोडलं.

तशी बातमी म्हणशील तर आहे. तू दुरुस्त केलेली आमच्या इमारतीची लिफ्ट छान चालते. चौकीदार भेटला की तुझी चौकशी करतो. भिंगरीचे बाबा कामासाठी बाहेरगावी आहेत, पंधरा दिवसांनी येतील. आणि छापखान्यात माझी शोभा झाली. एका दुकानाच्या जाहिरातीत 'घरपोच सेवा' असं हवं होतं, माझ्या नजरेखालून 'धरपोच सेवा' गेलं. घ चं ध. एकोणीस वर्षं प्रुफं तपासते आहे, असलं काही कधी सुटलं नव्हतं. मालक ओरडले नाहीत. "बाई, लक्ष कुठंय तुमचं?" एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

लक्ष भिंगरीत आहे.

(मध्ये उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता. आठवडाभर असंच चाललंय, एका जागी बूड टिकत नाही.)

भिंगरी आता चौथीत आहे. तोंडाने विचारशील ते सांगते, गोष्ट एकदा ऐकली की पाठ. पण पुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखतं. धडा वाचायला लावला तर पहिला शब्द वाचते आणि पुढचं मनाने रचते, आणि रचतेही इतकं बेमालूम की पहिली दोन वर्षं मलाही कळलं नाही. मी, जी परक्यांच्या चुका शोधून पोट भरते! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

कळल्यावर मी काय केलं असेल? रोज दहा ओळी शुद्धलेखन. चुकलेला शब्द वीस वेळा. एकदा ती मला म्हणाली, "आई, पहिली वेलांटी आधी काढायची आणि नंतर म्हणायची. असं का?" हाच प्रश्न तू बाबांना विचारला होतास. जेवणाच्या टेबलावर. आणि बाबांनी तुला उत्तर म्हणून काय दिलं होतं तेही आठवतं. माझ्या ताटात आमटी उडाली होती.

मग वीस वेळा लिहिणं बंद केलं आणि तिला तपासायला नेलं. डिस्लेक्सिया, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ज्यांना जोडाक्षर वाचताना घाम फुटतो त्यांच्या अडचणीला असलं नाव कोणी ठेवलं त्याला एकदा भेटायचं आहे मला. असो. डोकं तल्लख आहे, फक्त अक्षरं तिच्याकडे वेगळ्या वाटेने येतात आणि ती वाट शिकवता येते, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. ती वाट शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं.

बाईंची खोली तुला आवडेल. फळा नाही. वाळूचा ट्रे आहे, मातीची अक्षरं आहेत, एक मोठी खिडकी आहे. अक्षर आधी हवेत काढायचं, तोंडाने मोठ्याने म्हणायचं, मग वाळूत, मग कागदावर. भिंगरी म आणि भ मध्ये नेहमी गोंधळायची. बाई म्हणाल्या, "भ च्या डोक्यावर खिडकी उघडी असते, म ची बंद. बघ बरं, वारा कुठून येतो?" पोरगी खुदकन हसली. अक्षराकडे बघून ती हसली हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी कोपऱ्यात पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि मला रडू येत होतं.

दोन महिन्यांत ती आपणहून पाट्या वाचायला लागली. चुकत, पण वाचायला. बाईंनी शाळेशीही बोलणं केलं. परीक्षेत जास्त वेळ मिळेल, प्रश्न कोणीतरी वाचून दाखवेल. शाळेने हो म्हटलं. फक्त एक फॉर्म भरून द्यायचा होता.

त्या फॉर्मवर नववा प्रश्न होता. 'कुटुंबात आणखी कोणाला लहानपणी वाचनाची-लेखनाची अशी अडचण होती का?'

मी लिहिलं, नाही.

भिंगरी माझ्या खांद्यावरून बघत होती. 'नाही' हा शब्द तिला वाचता येतो, त्यातली वेलांटी दुसरी आहे. ती म्हणाली, "म्हणजे घरात मी एकटीच?" मी म्हटलं, "त्यात काय झालं?" दुसऱ्या दिवसापासून बाईंकडे यायला तयार नाही. "माझं मुळातच बिघडलंय," म्हणते. "तुम्ही सगळे चांगले निघालात, मी एकटीच खराब निघाले. एकटीसाठी कशाला सगळ्यांनी धावपळ करायची?" नऊ वर्षांची पोर, भाऊ. दोन तास चुकले. बाई म्हणाल्या, शनिवारीही आली नाही तर जागा पुढच्या मुलाला द्यावी लागेल, रांग मोठी आहे. त्यांचं चुकत नाही.

मी स्वतःला सांगितलं की 'नाही' लिहिलं ते तुझ्यासाठी. तुझं गुपित चव्हाट्यावर का मांडायचं? ऐकायला किती छान वाटतं ना! खोटं आहे. लाज माझी होती. शुद्धलेखनात कायम पहिली आलेल्या बाईच्या घरात दोन-दोन माणसं अशी, हे मला लिहायचं नव्हतं.

चहा करून आणला. गार झाला. आता लिहूनच टाकते.

गेल्या मंगळवारी भिंगरीच्या शाळेच्या फ्रॉकचं बटण तुटलं. आईचा बटणांचा डबा माझ्याकडे आहे, तो पालथा केला. तळाशी घातलेला कागद बटणांबरोबर बाहेर आला. तुझं पत्र. मी वसतिगृहात होते तेव्हा तू पाठवलेलं. तू दहा वर्षांचा, मी सोळा. मी ते तपासून तुलाच परत धाडलं होतं, त्यानंतर आईने ते कधी उचलून ठेवलं असेल, देव जाणे.

तुझी शाई निळी, माझी लाल. लालच जास्त आहे. खाली माझ्या वळणदार अक्षरात: 'एकूण चुका एकतीस. शुद्ध लिहून परत पाठव.' तू पाठवलं नाहीस. तेव्हा मला वाटलं होतं, आळशी आहे.

शेवटी तुला 'तुझा भाऊ' लिहायचं होतं. तू लिहिलं होतंस 'तुझा माऊ'. एक खिडकी तेवढी बंद झाली होती. मी ते पत्र खोलीतल्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवलं. हे तुला माहीत नाही. आम्ही पोट धरून हसलो. सुट्टीत घरी आल्यावर मी तुला 'माऊ' म्हणाले, बाबा हसले, मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. लोकांना वाटतं ताईने लाडाने ठेवलेलं नाव आहे. नाव कुठून आलं ते तुला पक्कं माहीत होतं, लाल शाईतलं तू पाहिलं होतंस, आणि तू एकोणतीस वर्षं त्या नावाला ओ देत आलास. एकदाही 'नको म्हणूस' म्हणाला नाहीस. का रे?

पण हेही नाही सांगायचं. म्हणजे हेही आहे, पण खरं पुढेच आहे.

मधल्या चार ओळी मी अर्थ लावून मंगळवारी पहिल्यांदा वाचल्या. तू लिहिलं होतंस, 'मासतर मला रोज वगाबाहेर ऊभ करतात. मुल हसतात. बाबांना सांगु नको. तु लवकर थे.'

मास्तर मधला अर्धा स मी घातला. वर्गावर रफार दिला. ऊभ चं उभं केलं. थे चा ये केला. सगळं तपासलं आणि वाचलं काहीच नाही. तू मला बोलावत होतास. मी शब्द दुरुस्त केला आणि आले नाही.

चौदाव्या वर्षी तू शाळा सोडलीस तेव्हा बाबांच्या बाजूने सगळ्यात मोठ्याने बोलणारी मीच होते. 'कष्ट नकोत त्याला', असं मीच म्हणाले होते. माझं चुकलं. फार चुकलं. मी माफी मागते. एवढं एक वाक्य लिहायला मी सकाळपासून चार वेळा उठले.

आता काम सांगते. भिंगरीसाठी तू म्हणजे जगातला सगळ्यात हुशार माणूस. लिफ्ट अडकली तेव्हा तू तारांचा तो नकाशा उलटा धरूनही वाचलास, आणि तिला दाखवलंस की वीज कुठून शिरते, कुठे अडते. अजून सगळ्यांना सांगत असते. तुझा 'चष्मा घरी राहिला, तूच वाच' हा खेळ मात्र तिला माहीत नाही. मला माहीत आहे. तुला चष्माच नाही, गाढवा.

तिला मी सांगू शकते, पण सांगणार नाही. एकदा तुझी गोष्ट तुला न विचारता मुलींना वाचून दाखवली तेवढी पुरे झाली. सांगायचं तर तूच सांग. नको असेल तर नको सांगूस, मी फॉर्मवर काय लिहायचं ते माझं मी बघेन आणि तुझ्यावर रागावणार नाही. पण तिला वाटतंय की ती एकटी आहे, आणि ती एकटी नाही हे दाखवणारा माणूस मला फक्त एकच ठाऊक आहे. शनिवारी चार वाजता बाईंचा तास आहे. पत्ता पाकिटाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिला आहे, कमानीच्या शेजारची हिरव्या दाराची इमारत. लिफ्ट नाही, दोन जिने चढावे लागतील. चेष्टा करायला तुला आयतं मिळालं.

तुझं पत्र मी परत पाठवत नाही. एकदा पाठवलं तेवढं पुरे. ते मला लिहिलेलं आहे, माझ्याकडेच राहील.

भिंगरी मगाशी शाळेतून आली. मी तिला एवढंच म्हटलं की मामाला तुझा क्लास बघायला बोलावते आहे. बराच वेळ फ्रॉकच्या बटणाशी खेळत राहिली, मग म्हणाली, "तो येणार असेल तर येते." आणि मग पेन मागितलं. खालची ओळ तिची आहे. तू तिचा माऊमामा, तेच तिने लिहायला घेतलं. पण बाईंनी खिडकी शिकवल्यापासून ती दिसेल त्या अक्षराला खिडकी उघडते.

'भाऊभाभा शनीवारी ये'

माझा हात लाल पेनकडे गेला नाही असं म्हणणार नाही. गेला. मग पेन टोपण लावून खणात ठेवलं. माझ्याकडून बंद झालेली तुझी खिडकी तिने उघडली आहे, त्यात मी काय दुरुस्त करू? आणि शेवटचा शब्द नीट बघ. तीनदा हवेत काढून, मोठ्याने म्हणून, मग कागदावर उतरवला आहे. तो बरोबर आहे.

दुरुस्ती न करता,
तुझी ताई