चंद्रीच्या गोठ्यातला हिरवा दिवा

२ डिसेंबर, मंगळवार

लाल लागलाय, हिरवा न्हाय. सकाळी बघितलं, जेवून बघितलं, आत्ता चहा ठेवून परत बघून आले. न्हायच. चहा उतू गेला.

स्नेहल फोनवर म्हणाली, "आज्जे, लाल म्हंजे वीज आली. हिरवा लुकलुकला म्हंजे कार्ड वाचाय लागलं. हिरवा न्हाय म्हंजे ते उठतच न्हाय." नात माझी, पुण्याला कॉम्प्युटरचं शिकती. दिवाळीला आल्ती तवा गोठ्यात कॅमेरा बसवला, आणि त्याला पत्त्याच्या पानाएवढं एक कॉम्प्युटर जोडलं. त्यात नखाएवढं कार्ड. सगळी अक्कल म्हणं त्या कार्डात. पुण्यात बसून तिला आमची चंद्री म्हस रवंथ करताना दिसायची. सुमनच्या, म्हंजे सुनेच्या, मोबाईलवर पण दिसायची. लई गंमत. कालपासनं अंधार.

"दिवा कधी लागला, कधी गेला, वहीत लिहून ठेव," म्हणाली. नुसता दिवा काय लिहायचा? चौथीपर्यंत शिकले ती काय दिव्यासाठी? सगळंच लिहिणार. हि. म्हंजे हिरवा, ला. म्हंजे लाल, चं. म्हंजे चंद्री. हात दुखत न्हाय मग.

३ डिसेंबर, बुधवार

चं. ची कास भरत आली. दिवस जवळ आलं. 

गेल्या खेपेला रेडकू पिशवीतच गुदमरलं. कुणी जवळ न्हवतं. हंबरणं ऐकून मी पळत गेले आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर शेणात पाय गेला. खुबा मोडला. तवापासनं संभाचं, माझ्या ल्योकाचं, एकच टुमणं: म्हस इकायची. ह्या दिवाळीत स्नेहलनं बापाशी भांडून ठरवून घेतलं. कॅमेरा चालला तर आज्जी सारखी गोठ्यात जाणार न्हाय, आणि म्हस ऱ्हाईल. न्हाय चालला तर व्यायच्या आधी दलाल.

म्हणून हि. पायजे.

आज स्नेहलनं फोनवरनं करायला लावलं. वायर काढ, घाल. दुसरा चार्जर लाव. मग म्हणाली कार्ड ओढून काढ, पूस, परत घाल. मी नखानं ओढलं तर सुळकन निसटून गव्हाणीत! चं. नं तोंड घातलं. मी वरडते "थुक, थुक भवाने," तिकडनं स्नेहल वरडती "आज्जे, काय झालं?" उसाच्या वाड्याच्या हिरव्या पात्याला चिकटलं हुतं. म्हशीनं चाटलेलं. लुगड्यानं पुसलं, घातलं. ला.

आमच्या ह्यांचा रेडिओ असाच हुता. थोबाडीत मारली की बोलायचा. ह्याला पण हळूच एक मारली. स्नेहलला सांगितलं न्हाय.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार, उपास. सुमननं घट मांडला. मी देवीपुढं कार्ड ठिवलं, वाईच. सुमन म्हणाली, "आत्ती, त्याला हळदकुकू लावू नगा, आधीच खोकतंय." लई तोंडाळ झाली सून. मला आवडतं.

मग दोघी मोबाईलच्या दुकानात. तौफिक म्हणून हाय, त्याच्या लग्नात मी जेवून आलीया. त्यानं कार्ड लॅपटॉपला लावलं. "आजी, कार्ड जित्तं हाय, आतलं लिहिलेलं इस्कटलंय." पुण्यात स्नेहलजवळ सगळ्याची नक्कल हुती, ती तिनं धाडली, ह्यानं भरली. म्हटलं, बाबा, खरवस देईन. "म्हस कधी व्याली?" म्हणाला. व्यायचीच हाय, म्हटलं.

सांजच्याला कार्ड घातलं. ला. मग... हि.! काजव्यावानी! लुक, लुक, थांब, लुकलुक. मोबाईलवर चं. चं ढुंगण आलं. एवढं देखणं ढुंगण मी जल्मात बघितलं न्हाय. शेजारच्या हौसाक्काला बोलवून दाखवलं. ती म्हणाली, "म्हस तर पलीकडंच हाय की, फोनात काय बघायची?" न्हाय कळत एकेकाला.

उपास सोडताना दोन घास जादा गेले.

५ डिसेंबर, शुक्रवार

हि. न्हाय.

सकाळी उठून बघते तर ला. एकटा. रात्री झोपताना मोबाईलवर म्हस हुती. संभा दाढी करता करता म्हणाला, "झालं का तुमचं शिनेमाघर चालू?" मग म्हणाला, "आये, रविवारी दलाल येतोय बघायला. नुसता बघायला." नुसता कुणी येत नसतंय.

दिवसभर बूड टेकलं न्हाय. भांडी घासलेली परत घासली.

स्नेहल म्हणाली, कार्डच नकली असंल, तौफिककडनं चांगलं घे, नवीन. तिला परीक्षा हाय खरं तर. फोन दिवसाला चार येत्यात. एरवी आठवड्याला एक यायचा, तो पण सुमनला. असूदे, असूदे. हे लिहाय नको हुतं.

७ डिसेंबर, रविवार

संभा सकाळीच जोतिबाला जाऊन आला. कपाळाला गुलाल, हातात नारळ. त्याच्या मागनं दलाल.

दलालानं कास चाचपली, शिंगं बघितली, "पावणं, म्हस झकास हाय" म्हणाला. मी मधीच, "लाथ मारती." संभा बघाय लागला. चं. नं आयुष्यात माशीला लाथ मारली नसंल. "धार काढताना बादली उडवती," म्हटलं. एकदा सुरू झालं की थांबत न्हाय माझं. "आणि खाती बी लई." दलाल हसला. म्हातारी माणसं त्याला रोज भेटत असतील. "पुढल्या रविवारी येतो," म्हणाला, "दोर घेऊन."

तो गेल्यावर संभा: "आये, लाथ?" मी: "मारंल की, त्यानं हात लावल्यावर." त्याला हसू आलं, पण दाबलं. बापावर गेलाय, हसू कपाटात ठेवतो.

दुपारी नवं कार्ड घातलं. हि. आला. आता साखर बिखर वाटणार न्हाय. दृष्ट लागती.

८ डिसेंबर, सोमवार

गेला. नवं कार्ड, तरी गेला.

९ डिसेंबर, मंगळवार

परत तौफिक. परत भरलं. तो म्हणाला, "आजी, तुमचा पास काढा आता दुकानाचा."

स्नेहल म्हणाली, सांजचं चालतंय, सकाळी मेलेलं असतंय, मधी काय तरी हुतंय. "सकाळी गोठ्यात काय काय चालू असतं गं?" मी म्हटलं, काय असायचं, संभा उठतो, बंब पेटवतो, शेण काढतो, वैरणीची कुट्टी करतो, ड्युटीला जातो. "कुट्टी हातानं का मशीननं?" मशीननं की. कारखाना सुरू झाल्यापासनं वाडं यायलंय, ते दांडगं, मशीनशिवाय तुटत न्हाय. "त्याच बोर्डावर?" त्याच. मग म्हणाली, "आज्जे, उद्या उठून नुसतं बघ."

१० डिसेंबर, बुधवार

बघितलं.

बादली पालथी घालून गोठ्याच्या दारात बसले. हि. चालू, छान लुकलुक. संभानं कुट्टीचं बटण दाबलं, मोटार घुरघुरली, बल्ब मान टाकल्यागत झाला, ला. पण विझला आणि परत लागला. हि. दोनदा लुकलुकला आणि मेला. माझ्या डोळ्यांदेखत.

स्नेहलला सांगितलं तर नाचलीच. "तेच! वीज खचती, ते लिहीत असताना मधीच मरतं, कार्ड इस्कटतं." कार्डाचं काय चुकलं न्हाय बिचाऱ्याचं. जेवता जेवता ताट ओढल्यागत. घरातनं निराळी वायर ओढायची म्हणाली. वायरमन शनिवारशिवाय मोकळा न्हाय. तवर ती पुण्यातनं पहाटे ते नीट बंद करणार, कुट्टी झाली की मी वायर काढून परत घालायची. पहाटे! ही पोरगी इथं असताना उन्हं अंगावर आल्याबिगर उठायची न्हाय.

संभाला सांगितलं. जेवत हुता. "म्हंजे आता माझी चूक?" मी म्हटलं, चूक कुणाची न्हाय, मोटारीची हाय. "मोटार काढू मग? म्हस उपाशी ठिवू?" सुमननं भाकरी वाढली. 

कार्ड परत भरून आणलं. मोबाईलवर चित्र आलं, तवा आज नीट बघितलं. आधी आनंदात बघितलंच न्हवतं. चं. निम्मीच दिसती. उंबरा मात्र अख्खा. जिथं मी घसरले तो.

स्नेहलला विचारलं, म्हस हिकडं आणि कॅमेरा तिकडं का गं? आधी म्हणाली वाऱ्यानं सरकला असंल. मग म्हणाली, "आज्जे, पप्पांनीच शिडीवर चढून लावलाय तसा. मला म्हणाले, म्हस कुठं पळती, आये पळती."

मला व्यायला झालंय व्हय?

लई राग आला. मग न्हाय आला. मग परत आला. झोपते.

११ डिसेंबर, गुरुवार

सगळं नीट झालं आज. स्नेहलनं बंद केलं, संभानं कुट्टी केली, मी वायर घातली, हि. आला. संभा जाता जाता मोबाईलवर बघून गेला. चोरून, सुमनच्या खांद्यावरनं. त्याला वाटलं मी बघितलं न्हाय.

चं. चे सड ताठलेत. शेपटीच्या बाजूला खड्डे पडलेत. आज न्हायतर उद्या. दलाल रविवारी.

संभाला म्हटलं, म्हस सुखरूप सुटली तर? म्हणाला, "तर बघू." आणि न्हाय सुटली तर? चपला घालून भाईर गेला.

आजचा घट उठला न्हाय अजून, हात जोडून आले परत.

१२ डिसेंबर, शुक्रवार

चं. नं सकाळपासनं तोंड लावलं न्हाय. उठती, बसती, मागं वळून बघती. मी पण तेच करतेय.

स्नेहलनं पहाटे फोन केला, बंद करू का? संभानं माझ्या हातातनं फोन घेतला. "चालू ऱ्हाऊ दे," म्हणाला. मी म्हटलं आणि कुट्टी? "मशीन बिघडलंय."

न्हाय बिघडलेलं. काल तर दांडगं घुरघुरत हुतं. सुमन माझ्याकडं बघून तोंडाला पदर लावून चुलीकडं गेली.

ड्युटीवर पण गेला न्हाय. गोठ्याच्या मागं बसलाय, लाकडाच्या ओंडक्यावर कोयत्यानं वाडं तोडतोय. खचाक, खचाक. मनगट भरून आलं असंल. सवय न्हाय ऱ्हायली.

हि. चालू हाय. एकदा पण थांबला न्हाय.

मी बादलीवर बसून लिहितेय. फोन मांडीवर, स्नेहल त्यातनं वरडतीया. "आज्जे, सरक! मला नुसता तुझा अंबाडा दिसतोय!" म्हटलं, तुझ्या बापानं लावलाय तसा, त्याला सांग. "पप्पा, आज्जीला उठवा तिथनं!" मागनं संभाचा आवाज, "बसू दे. उंबऱ्याच्या आत हाय न्हवं?" खचाक.

त्याचा फोन वाजला. दलालच असणार, रोज ह्या टायमाला करतो. वाजून वाजून थांबला. त्यानं कापला का आपोआप थांबला, हितनं दिसत न्हाय.

चं. आडवी झाली. पिशवी दिसाय लागली. पाय... दोन दिसाय पायजेत, एकच दिसतोय अजून.

संभाला हाक मारली. कोयता थांबला. वही ठेवते.