साखरेचा डबा मी नेलाय

दादा,

तू घरी आलाच आहेस, तर आईला तुझ्यावर सोपवून मी आठवडाभर जातेय. तिची स्मरणशक्ती टिकावी म्हणून साखर बंद, रोज अक्रोड, तासभर चालणं, अशी फर्मानं फोनवरून सोडत होतास ना? आता स्वतः करून बघ. अक्रोड ती गालात धरते आणि आपली पाठ वळली की कुणाच्याही बुटात थुंकते. तुझे बूट मी मुद्दाम तिच्या खुर्चीपाशी ठेवलेत. चालायला नेलंस की भर रस्त्यात फतकल मारते. साखरेचा डबा माझ्यासोबत आहे, त्यामुळे चहा तुलाही बिनसाखरेचाच.

आणि हो, दिवसभर ती मला तुझ्याच नावाने हाक मारते. आता तूच ओ दे.