जाळीतून येणारा खर्ज

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज शाळेत कोणीतरी गायलं! म्हणजे गातो आम्ही सगळेच. पण जो तिथे नव्हताच, तो गायला.

सकाळच्या उपासनेत आमच्याकडे पियानो वगैरे काही नसतं. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, वाद्यांशिवाय गाणारे. नुसते गळे, चार आवाज, चार रांगा. यंदा खर्जाच्या रांगेत एकटा गेलन, आणि त्याचा आवाज फुटतोय. त्यामुळे गाणं खालून पोकळ लागतं. आज दुसऱ्या कडव्याला ते अचानक भरलं. भरदार, संथ खर्ज, थेट पायांखालून! मी गेलनकडे पाहिलं. तोंड मिटलेलं, डोळे बटाट्याएवढे. माझ्या मैत्रिणीने, ट्विलाने, माझा दंड असा आवळला की अजून ठणकतोय.

गाणं शिकवणारे एप सर ताल देत हात हलवत राहिले. गाणं संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "कोण आहे ठाऊक नाही. पण सुरात आहे. उद्या पुन्हा हेच गीत."

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पुन्हा आला! जमिनीतल्या जाळीतून येतो, तळघरातली गरम हवा वर येते तिथून.

जेवणाच्या सुट्टीत वाद. ट्विला म्हणते देवदूत, गेलन म्हणतो भूत.

"भुतं देवाची गाणी गातात का रे, अकलेच्या कांद्या?"

"मेनोनाइट भूत असलं तर गाणारच की! सवय सुटते होय?"

ट्विलाने चिलीत, म्हणजे राजम्याच्या तिखट रश्श्यात, बुडवलेला दालचिनीचा गोड रोल त्याच्या नाकाला फासला. हसून हसून माझं पोट दुखलं.

रात्रीच्या जेवणाला डॅडला सांगितलं. तो वेरेनिकेवर, आमच्या पनीर भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, रस्सा ओतत होता, हात तसाच राहिला. "कुठलं गीत?" मी सांगितलं. "हं." बस्स, एवढंच. माझीच चूक. ते आईचं आवडतं.

डॅड म्हणजे आमच्या चर्चचा खर्ज. होता. आई गेल्यापासून तो येतो, शेवटच्या बाकावर बसतो, पुस्तक मांडीवर बंद. शेत करतो, शाळेची बस चालवतो, माझ्या वेण्यासुद्धा घालतो (वाकड्या). पण गात नाही. देवाकडे मी नवीन काही मागतच नाही आता. डॅडचं गाणं परत दे, एवढंच. आणि जरा लवकर. मला घर इतकं गप्प सोसवत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजचा पराक्रम!! ट्विलाने घरून पीठ आणलं. तळघराला दार एकच. उपासनेआधी आम्ही त्या जिन्यावर ते पसरून ठेवलं. भूत असो की माणूस, पाऊल उमटणारच.

खर्ज आला, तोही काय सुंदर. शेवटचा सूर विरला तशा आम्ही धावलो. पिठावर एक ओरखडा नाही! माझ्या अंगावर सर्रकन काटा. ट्विला रडायलाच लागली. भीतीने नाही म्हणते, आनंदाने.

तेवढ्यात "काय चाललंय?" करत एप सर आले, आणि सर्रर्र — शेवटच्या पायरीपर्यंत बसूनच! उठले ते डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे.

"सापडलं एकदाचं भूत," म्हणाले. "आता झाडू घ्या दोघी."

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज खाली दोन आवाज वाटले. ट्विला म्हणते, तुझे कान वाजतायत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

घाईघाईत लिहितेय, अक्षर वाचता येईल की नाही कोण जाणे.

आज गाण्याच्या शेवटी जाळीतून "आमेन" आलं. सगळ्यांच्या आधी. अर्धा श्वास आधी! असं घाईघाईने आमेन म्हणणारा माणूस अख्ख्या कॅन्ससमध्ये एकच. आई दर रविवारी त्याला कोपर मारायची.

मी रांग मोडली. मागून एप सर म्हणत होते, "जाऊ दे तिला, पुन्हा पहिल्या कडव्यापासून." वरचं गाणं परत सुरू झालं तेव्हा मी जिन्यात होते.

डॅड! बसचं जाकीट, टोपी हातात, तोंड गरम हवेच्या नळीकडे वर केलेलं, डोळे बंद. गाल ओले. आणि गात होता!! मला पाहिलं तरी थांबला नाही. मी शेजारी उभी राहिले आणि आईच्या सुरात शिरले. गाणं संपत आलं तसं त्याच्या बरगडीत कोपर मारलं. आमेन बरोब्बर सगळ्यांसोबत पडलं.

"बस कुठेय?" मी विचारलं.

"बाहेर. चालूच राहिली बहुतेक," डॅड म्हणाला आणि मोठमोठ्याने हसायला लागला. मी त्याला घट्ट धरलं. जाकिटाला डिझेलचा वास. वर सगळे जाळीभोवती पालथे पडून बघत होते.

रविवार, ९ फेब्रुवारी

डॅड शेवटच्या बाकावरून उठला आणि सरळ खर्जाच्या रांगेत गेला. म्हाताऱ्या काकांनी वर न बघता सरकून जागा केली. पहिल्या सुराला बाकं हादरली! अर्धं चर्च रडत गात होतं. नंतर प्रत्येकाने आम्हाला आमचे दुमजली पाव, मोठ्या गोळ्यावर छोटा गोळा ठेवून भाजलेले, बांधून दिले. डबे ठेवायला जागा नाही.

मी दोन खाल्ले. खोटं कशाला, चार.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळी बसमध्ये डॅडला चिडवलं, "आठवडाभर लपून गात होतास, लबाडा!"

"आठवडाभर? मार्लिस, मी गुरुवारी पहिल्यांदा खाली गेलो. तू सांगितलंस म्हणून, कोण गातंय ते बघायला."

"मग? कोण होतं?"

त्याने गियर टाकला. "कोणीच नव्हतं. खर्ज मात्र चालू होता. त्याला एकट्याला गायला लावणं मला बरं दिसेना."