शेवटच्या फेरीची घंटा

तीर्थरूप गोडेलीव्ह मावशीस,

लीव्हनचा चिखलासकट साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द शोभेसाठी लिहिलेला नाही. रविवारी माझी आठही अंगं जमिनीला लागली, आणि एकदा नव्हे, दोनदा. त्याचं पुढे येईलच.) खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि तू काठी घेऊन समुद्रापर्यंत जाऊन येतेस, हे ऐकून जिवाला बरं वाटलं. ओस्टेंडचा वारा मानवतोय ना? व्यायाम स्वतः करतेस, की त्या बिचाऱ्या नर्सलाच करून दाखवायला लावतेस? इकडे सर्व खुशाल. लीसबेट बरी आहे, कोंबड्या बऱ्या आहेत. मला सध्या बसता येत नाही, म्हणून हे पत्र स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभा राहून लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर त्याचं कारण हेच.

परवा फोनवर तू विचारलंस, "माझ्याशिवाय कसं झालं रे?" आणि मी "झालं ठीक" म्हणून वेळ मारून नेली. लीसबेट शेजारीच उभी होती, मग दुसरं काय बोलणार? पण मावशी, ठीक झालं नाही. आधी फार वाईट झालं आणि मग इतकं चांगलं झालं की मला अजून झोप नीट लागत नाही. तुला ठाऊकच आहे, चिखलातल्या या सायकल शर्यतींत मी केस काळे होते तेव्हापासून उतरतो आहे, आणि शेवटच्या फेरीची घंटा मी एकदाही सायकलवर असताना ऐकलेली नाही. ऐकली ती कुंपणाबाहेरून, हातात सुपाचा पेला धरून. पहिल्या नंबरचा गडी एक अख्खी फेरी जास्त मारून मागून येतो, मला गाठतो, आणि झेंडेवाला मला बोटाने बाहेर काढतो. नियमच आहे, त्याची तक्रार नाही. मग सायकली धुण्याच्या आणि बदलण्याच्या कोपऱ्यातून तू माझी दुसरी सायकल ढकलत यायचीस आणि दर वेळी तेच म्हणायचीस, "आज अगदी जवळ होतास हो." मी कधीच जवळ नव्हतो. तुलाही ते ठाऊक होतं. पण त्या एका वाक्यावर मी पुढच्या रविवारपर्यंत तग धरायचो, हे आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे.

तर या वेळी तू नाहीस म्हणून लीसबेट आपणहून म्हणाली, "मी येते. सायकल धुवायची एवढंच ना? मी घरात काय कमी धुते?" इतकी वर्षं रविवारी ही माझी बायको घरात पाय वर करून बसायची आणि मी परत आलो की मला मागच्या दाराने आत घ्यायची. तीच आली, यातच मी भरून पावलो. येताना तिने भांडी घासायचा स्पंज आणला, लिंबाच्या वासाचा साबण आणला, आणि माझं जाकीट टांगायला घरून हॅंगर आणला. (धुण्याच्या कोपऱ्यात हॅंगर बघून लोक लांबून लांबून येऊन गेले.)

तिला तिथे उभी करून मी रिवाजाप्रमाणे मैदानाची एक फेरी मारून आलो. बीटाचं शेत नुकतंच मोकळं केलेलं, त्यातून ट्रॅक्टरने वाट पाडलेली, कालव्याच्या बाजूला उभा चढ आणि मध्ये फळ्यांचे दोन अडथळे. तो चढ सायकल खांद्यावर घेऊनच चढायचा. परत आलो तर फिर्मिन उभा. हो, तोच. शर्यतीत स्वतः उतरतो तरी अंगठ्याला सगळं कळतं अशा थाटात अजून लोकांची टायरं दाबत फिरतो. त्याने माझं टायर दाबलं, मान हलवली आणि म्हणाला, "लीव्हन, एवढी हवा? डांबरी रस्त्यावर चाललायस का?" मी त्याचं टायर दाबलं आणि म्हणालो, "तुझ्यात तर हवाच नाही. वाटेत विसरलास का?" मग दोघांनी एकमेकांना आपापल्या हवेचा आकडा सांगितला. अर्थातच दोघंही खोटं बोललो. एवढं झाल्यावर मला शर्यतीला आल्यासारखं वाटलं.

पाठीवरचा नंबर लीसबेटने लावला. तू तो आधी मुठीत चुरगळतेस, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. तिने तो हाताने सरळ करून, पिना मोजूनमापून, इस्त्री केल्यासारखा लावला. तो शर्यतभर माझ्या पाठीवर शिडासारखा वाजत होता. पण मदतीला आलेल्या माणसाला शिकवायला जाऊ नये, एवढी अक्कल मला आहे.

आता मुख्य गोष्ट. तू घरी बनवलेलं पायाला चोळायचं मलम, डुकराच्या चरबीतलं, कापूर आणि तिखटाचं, पार्सलने वेळेवर पोचलं. त्याबद्दल मनापासून आभार. एवढं दुखणं बाजूला ठेवून चुलीपाशी उभी राहिलीस, हे वाचून लीसबेटच्या डोळ्यांत पाणी आलं. (बरणी उघडल्यावर माझ्याही आलं, ते वेगळ्या कारणाने.) पण एक सांगतो, मावशी. इतकी वर्षं ही बरणी तू एप्रनच्या खिशात दाबून ठेवायचीस आणि मी शर्यतीची चड्डी घातल्याशिवाय हातात द्यायची नाहीस. मला वाटायचं, ही काय कंजुषी! रविवारी बरणी माझ्या ताब्यात होती. गाडीत थंडी वाजत होती. मी विचार केला, आधी पाय गरम करावेत, मग कपडे. झकास चोळलं, मांड्यांपर्यंत, आणि त्याच हातांनी चड्डी वर ओढली. पुढे काय झालं ते भाच्याने मावशीला लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की तू कंजूष नव्हतीस. तू दूरदर्शी होतीस.

सुरुवातीच्या रेषेवर सगळे गार वाऱ्यात कुडकुडत उभे होते आणि मी एकटा घाम पुसत होतो. फिर्मिन म्हणाला, "तब्येत बरी नाही का रे? लाल झालायस." मी म्हटलं, "तयारी जास्त झालीये." शेवटच्या क्षणी जाकीट काढून लीसबेटकडे दिलं. तू अशा वेळी पाठीत जो धपाटा घालतेस, त्याची मी डोळे मिटून वाट बघत राहिलो. तिने माझी कॉलर सारखी केली आणि "हळू जा हं" म्हणाली. शर्यतीत जाणाऱ्याला कोणी असं सांगतं का? पण आवाजात काळजी होती, म्हणून मी मान डोलावली.

शिट्टी झाली आणि मावशी, मी सुटलो. बसायची सोयच नव्हती ना! खोगिराला टेकलो की ब्रह्मांड आठवायचं, म्हणून अख्खी फेरी पॅडलवर उभा. फळ्यांपाशी लोक नाइलाजाने उतरतात, मी आनंदाने उतरलो. कालव्याच्या चढावर लोक सायकल खांद्यावर टाकून धापा टाकत चालतात, मी पळालो, कारण पळताना वारा लागत होता. नेहमी माझ्या पुढे असणारी माणसं मी अशी मागे टाकली की त्यांनी वळून बघितलं. लोक कुंपणावरून ओरडायला लागले. पॅनकेकच्या गाडीवरची बाई उलथनं वर करून ओरडली. मला वाटलं, हेच ते. हीच ती शर्यत.

मग सायकल चिखलाने जाम झाली आणि मी बदलायला कोपऱ्यात घुसलो. लीसबेटने दुसरी सायकल लखलखीत करून ठेवली होती. आरशात बघावं अशी. मी उडी मारली, पहिल्या वळणावर गेलो आणि साष्टांग. उठून टायर दाबलं तर दगड! तिला टायरं मऊ वाटली म्हणून तिने फिर्मिनच्या बायकोकडून पंप मागून आणला आणि मनापासून हवा भरली. "मला वाटलं, तू विसरलास," असं नंतर म्हणाली. तिच्यावर चिडायचं कसं? चिखलात कमी हवा लागते, हे मी घरात कधी बोललोच नाही. ते फक्त तुझ्याशी बोलायचो.

पण त्या पडण्याने एक शोध लागला. गार चिखल जिथे लागायला हवा होता तिथे बरोबर लागला आणि स्वर्ग म्हणजे काय ते कळलं. (दुसरा साष्टांग मी स्वखुशीने घातला. हे कोणाला सांगू नकोस.) तेवढ्यात मागून लोकांचा गलका ऐकू आला. वान्नेस त्याची शेवटची फेरी संपवत येत होता, आपला तो पहिल्या नंबरचा जनावरांचा डॉक्टर, ज्याने मला आजवर दर शर्यतीत गाठलंय. शेवटची रेषा समोर दिसत होती, झेंडेवाला माझ्याकडे बघत होता, बोट अर्धं वर आलं होतं. आणि कोपऱ्यातून लीसबेट ओरडली, "मागे बघू नकोस, गाढवा! पळ!" मावशी, आमच्या लग्नापासून मी तिचा तो आवाज ऐकला नव्हता. मी मागे पाहिलं नाही. रेषा ओलांडली, आणि माझ्या डोक्यावर घंटा वाजली. माझ्यासाठी वाजली. शेवटची फेरी मी रडत मारली. चिखल इतका होता की कोणाला कळलं नाही.

हे सगळं तुझ्या मलमामुळे झालं, असं मी जाहीर मान्य करतो. आणि मलमापेक्षाही, इतकी वर्षं थंडीत उभी राहून तू माझ्या हरण्याला कधी हसली नाहीस, त्यामुळे झालं. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नव्हते. आज मानतो. डॉक्टरांना, नर्सला आणि समुद्राला माझा नमस्कार सांग.

तुझा,
लीव्हन

ता. क. १: खरं लिहायचं होतं ते राहिलंच. घंटा वाजली तेव्हा मी सवयीने डावीकडे कोपऱ्यात बघितलं, तू ऐकलीस की नाही ते पाहायला. तू नव्हतीस. मग त्या घंटेत काही राहिलं नाही, मावशी. तू फोनवर म्हणालीस, आता सायकल उचलवत नाही, बादली उचलवत नाही, नुसतं अडगळीसारखं उभं राहून काय करू, दुसरं कोणीतरी शोध. मी शोधणार नाही. रविवारी झोटेगेमला शर्यत आहे. मी गाडी घेऊन सकाळी तुला न्यायला येतो. काही उचलू नकोस. नुसती बस आणि मला शिव्या दे.

ता. क. २: चड्डी आधी, मलम नंतर. शपथ.

ता. क. ३ (हे लीसबेटचं, पाकीट टाकायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते आहे): मावशी, सप्रेम नमस्कार. तुम्हाला खरं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वान्नेस शेवटी याला गाठणारच होता. पण त्याच्या आधी तो सायकल बदलायला कोपऱ्यात आला, आणि त्याच वेळी पाण्याचा पाइप माझ्या हातातून सुटून त्याच्या तोंडावर गेला. तो बंद कसा करायचा हे मला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ते शोधायला मला बराच वेळ लागला. त्याला मी बिस्किटं दिली, तो हसला. लीव्हनला यातलं काही माहीत नाही, आणि कळायलाही नको. तुमच्यासारख्या सरळ बाईला इतकी वर्षं पाइप हातात असून हे सुचलं नाही, यात काही आश्चर्य नाही. तेव्हा नक्की या. तुम्ही खुर्चीवर बसून त्याला शिव्या द्या. पाइप मी धरते.