रस्त्यापलीकडची वीज

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वीज वितरण विभाग.

विषय : रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वीजवाहिन्या एकमेकींना जोडण्याबाबत.

संदर्भ : बेकायदा वायर काढून टाकण्याविषयीची आपली नोटीस.

महोदय,

१. मी चष्मे दुरुस्त करतो. थोरली बहीण माझ्याकडे असते. तिची फुप्फुसे अधू असल्याने तिला प्राणवायूचे यंत्र सतत लागते व ते विजेवर चालते. त्यामुळे घरातला पंखा मंदावला तरी मी आधी यंत्राकडे धावतो.

२. मागच्या वादळात आमच्या बाजूची एकमेव वाहिनी तुटली. इन्व्हर्टरने दुपारपर्यंत तग धरला, मग मान टाकली. राखीव सिलिंडरही संपत आला. रस्त्याच्या तोंडाशी झाडे पडल्याने रुग्णवाहिका येईना. समोरच्या घरांत मात्र दिवे होते, कारण ती बाजू दुसऱ्या उपकेंद्रावर आहे. समोर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांच्याशी आमचा अबोला होता (कारण गाडी लावण्याची जागा, विस्तार करीत नाही). ताईची तगमग त्यांनी खिडकीतून पाहिली आणि ओरडल्या, "भांडण नंतर करू, आधी वायर धरा!" दोरीला बांधून त्यांनी वायर फेकली. यंत्र सुरू झाले. ताईच्या ओठांचा निळेपणा ओसरला. ती पहिले बोलली ते असे : "अरे, त्यांना चहा तरी विचारलास का?"

३. तेव्हापासून वीज गेली की वायर पडते, आली की निघते. ती धोक्याची आहे हे मला मान्य आहे. खाली मुले खेळतात; माझा जीव टांगणीला असतो. म्हणूनच दोन्ही वाहिन्यांमध्ये स्विच बसवावा, एक बंद पडली तर दुसरीने भार उचलावा, अशी विनंती घेऊन मी आपल्या कार्यालयात आलो. सहायक अभियंता म्हणाले, "तांत्रिक अडचण काही नाही हो. पण दोन बाजू दोन उपविभागांत येतात. अर्ज घ्यायचा कोणी?" दुसऱ्या उपविभागात गेलो. त्यांनी पुन्हा इकडे धाडले. रस्ता ओलांडून ओलांडून माझ्या चपला झिजल्या, वीज काही ओलांडेना.

४. गेल्या आठवड्यात उलटे झाले. बाईंकडे अंधार, आमच्याकडे वीज. शाळेच्या गणवेशांचे त्यांचे काम खोळंबले. त्याच वायरने आम्ही त्यांचे शिलाई मशीन चालवले. दोन उपविभागांना जे जमेना, ते दोन खिडक्यांनी करून दाखवले.

५. दोन्ही उपविभाग आपल्याच हाताखाली येतात; म्हणून वाहिन्या जोडण्याचा आदेश आपण स्वतःच्या सहीने द्यावा. हा अर्ज लिहीत असतानाच पुरवठा पुन्हा गेला आहे. वायर टाकली आहे, लपवीत नाही. दंड करायचा तर माझ्यावर करावा, बाईंवर नको. मात्र आपली माणसे वायर तोडायला आली तर पक्कड लावण्याआधी त्यांनी दार वाजवावे. आत ताई श्वास घेत आहे.

आपल्या आदेशाकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
चष्मे दुरुस्त करणारा, ग्राहक
दिनांक : आज, वीज नसताना

सोबत : डॉक्टरांचा दाखला, नोटिशीची प्रत, समोरच्या बाईंचे संमतिपत्र.