आमटीतला कडवटपणा कुठून आला

सौ. निवेदितास,

अमवाजच्या समुद्राकाठच्या सुगरणीला गुदैबियातल्या बिनलिफ्टच्या तिसऱ्या मजल्यावरून सप्रेम नमस्कार. गुडघे कसे आहेत? मंडळाच्या महाप्रसादाला कौतुक स्वीकारायला सारखी उठत होतीस, म्हणून काळजी वाटली.

एरवी महाप्रसादाची आमटी माझ्याकडे असते. यंदा माझी पाठ धरली म्हणून तुझ्याकडे आली. ‘आमच्या सांगलीच्या आजीची’ असं तू माइकवर सांगितलंस, ते मी भक्तिभावाने ऐकलं. (सांगलीत त्या काळी लूमी, म्हणजे इथली वाळकी काळी लिंबं मिळत होती, हे मला नव्यानेच कळलं.) मी बहरीनला नवी आले तेव्हा आमसुलं संपली म्हणून आमटीत लूमी टाकली होती. तेच तुझ्या आजीलाही सुचलं असणार.

आता आमच्या सावनीचं ऐक. लेक लॅबमध्ये काहीतरी शोध लावते असं मी सगळ्यांना सांगत होते. ती दिवसभर माणसाच्या प्रोटीनच्या अक्षरांखाली (प्रोटीनमधल्या प्रत्येक घटकाला एक अक्षर दिलेलं असतं म्हणे) उंदराच्या प्रोटीनची अक्षरं मांडून बघते. एवढं शिकून हेच का, असं मी विचारलंच. तिचं म्हणणं, कोट्यवधी वर्षांत जे बदललं नाही ते बदलून चालतच नसणार, म्हणजे ते महत्त्वाचं. नव्या प्रोटीनचं काम ठाऊक नसेल, तर त्याच्यासारखं ओळखीचं प्रोटीन शोधायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. (आपण काकांवरून नवऱ्यामुलाचा अंदाज बांधतो तो असाच, आपल्याला कुणी लॅब दिली नाही एवढंच.) पण नातं ओळखायची तिची लाडकी खूण म्हणजे चूक. उपयोगाची गोष्ट दोन ठिकाणी वेगवेगळी उपजू शकते. बिनकामाची तीच चूक दोघांत त्याच जागी सापडली, तर दोघांचा पूर्वज बहुतेक एकच.

हे सांगता सांगता तिने तुझी आमटी चाखली आणि म्हणाली, “आई, धिस इज युअर्स. सेम कडू. बिया काढल्याच नाहीत.” लूमीच्या बिया काढायच्या असतात, हे मला खालच्या मजल्यावरच्या झोहराभाभींनी फार उशिरा सांगितलं, तोवर अख्ख्या मंडळाला तो कडवटपणा आवडायला लागला होता. तुझ्या आजीनेही नेमक्या बिया ठेवाव्यात, हा मोठाच योगायोग. माझा तुझ्यावर काडीचाही संशय नाही, सावनीचा आहे.

भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शुभदा

ता. क. ह्यांचा व्हिसा या वेळी रिन्यू होणार नाही. दिवाळीनंतर आम्ही कायमचे पुण्याला चाललो. मंडळात अजून सांगितलेलं नाही, सांगायला गेले की रडू येतं.

आणखी एक. पुढच्या वर्षीपासून आमटी तूच कर. नाव आजीचं सांग हवं तर. बिया मात्र काढू नकोस.