दोन नंबरची बॅटरी

ता. ४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझं बॅटरीचं दुकान जोरात चाललंय हे वाचून बरं वाटलं. माझा उजवा खांदा दुखतोय, बाकी सगळे खुशाल. खांदा का दुखतोय तेच सांगायला हे पत्र लिहितोय. फोनवर सांगितलं असतं, पण फोन पुढच्या खोलीत आहे आणि या घरात भिंतींना कान आहेत. त्यातले दोन माझ्या लेकीचे.

होडीला नवं मशीन बसवलं हे तुला माहीतच आहे. मिस्त्री न बोलावता मी एकट्याने बसवलं, अख्ख्या धक्क्यावर असं काम कोणी केलेलं नाही, हेही माहीत आहे, कारण मी ते आधीच्या प्रत्येक पत्रात लिहिलंय. हे मशीन दोरी ओढून नाही, सेल्फ मारून सुरू होतं. त्यावर आमच्या जावईबापूंचा आग्रह, की बॅटऱ्या दोन हव्यात. एक नंबरची फक्त मशीन सुरू करायला. दोन नंबरची दिवे, मासे दाखवणारा पडदा, वायरलेस आणि तळातलं पाणी उपसणारा पंप यांच्यासाठी. मध्ये एक गोल स्विच, त्यावर एक, दोन, दोन्ही आणि बंद. मी म्हटलं, लावा. ठकीचा नवरा आहे, होडीत निम्मा भागीदार केलाय, त्याचं एखादं तरी ऐकावं.

तर हल्ली सकाळी जावं तेव्हा दोन नंबरची बॅटरी उतरलेली. पडदा काळा, वायरलेस मुका. एकदा स्विच 'दोन्ही'वर राहिला तर एक नंबरचीही गेली आणि मला भर पाण्यात उभं राहून दोरी ओढावी लागली. खांदा त्यातला.

धाकटे, कुठेतरी पाणी मुरतंय. मी धक्क्यावर पोचतो तेव्हा जावई माझ्या आधी हजर. लग्न झाल्यावर ज्याला उठवायला ठकीला भांडी आपटावी लागायची, तो आता उजाडायच्या आत होडीत. फळ्या ओल्या असतात. माझा अंदाज असा, की मला न सांगता तो होडी बाहेर काढतो आणि मासे परस्पर विकतो. पेट्रोल तपासलं, तर होतं तेवढंच. म्हणजे परत भरून ठेवत असणार. खवला एक सापडत नाही, म्हणजे धुऊन काढतो. इतकी स्वच्छता सरळ माणूस ठेवत नाही.

बॅटऱ्यांत तुझा जन्म गेला. काही न वापरता बॅटरी उतरते का, एवढंच कळव. ठकीला यातलं अक्षर लिहू नकोस.

माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा

ता. ९ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग खांद्याची काळजी वाटली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा, आणि तो वहिनींनी लपवला म्हणून रुसणारा माझा भाऊ अजून तसाच आहे म्हणायचा.

इथे बसून सांगणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, तरी सांगते. लहान मशीन बॅटरीला चार्जिंग थोडंच देतं, तेही जोरात पळवलं तर. दिवे आणि पडदा लावून दिवसभर संथ फिरलात तर येणं कमी आणि जाणं जास्त. मशीन सुरू करताना स्विच 'एक'वर ठेव, सुरू झालं की 'दोन्ही'वर ने म्हणजे दोन्ही बॅटऱ्या भरतील. नांगर टाकून नुसते दिवे लावायचे असतील तेव्हा 'दोन', आणि होडी बांधली की 'बंद'. मशीन चालू असताना मात्र 'बंद'कडे हात नेऊ नकोस, चार्जिंगचा भाग जळतो. टर्मिनलवर पांढरं फुललं असेल तर साफ करून ग्रीस लाव. बॅटरी एकदा दुकानात तपासून घे.

हे सगळं करूनही उतरली तर एक पाहा. स्विचला वळसा घालून बॅटरीला थेट काय जोडलंय? जे थेट असतं ते स्विच 'बंद' असला तरी चालू राहतं. याचं उत्तर मला हवंय.

राहिला जावई. लग्नात त्याने माझी जड पिशवी न सांगता उचलली होती. तू तेव्हाही माझ्या कानात म्हणालास, आत काय आहे ते चाचपत असेल. दादा, बॅटऱ्या माझ्या दुकानात ढीगभर आहेत. ठकी एकच आहे. संशय घ्यायचाच तर आधी तारांवर घे.

खांद्याला शेक दे, आणि आमच्यावर लोभ ठेव, तो बिनशर्त.

तुझी,
धाकटी

ता. १५ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस ते सगळं केलं. टर्मिनल घासली, ग्रीस लावलं. दुकानदार म्हणाला, बॅटरी ठणठणीत आहे. संध्याकाळी स्विच मी स्वतःच्या हाताने 'बंद' करतो. सकाळी दोन नंबरची रिकामी.

मग मी स्विचला काळा दोरा बांधला. कोणी फिरवला तर तुटेल असा. सकाळी दोरा जागच्या जागी आणि बॅटरी उतरलेली. याचा अर्थ उघड आहे. तो दोरा सोडतो आणि पुन्हा बांधतो. माझी गाठ त्याला येते. मीच शिकवली.

थेट काय जोडलंय म्हणून विचारतेस, तर पंप आहे. तळाला पाणी चढलं की तो आपोआप चालतो. पण माझ्या होडीत पाणी येत नाही, तेव्हा तो मुद्दा तिथेच मिटला.

आता खरी गोष्ट ऐक. परवा मी जरा लवकर गेलो. त्याच्या हातात बादली होती, मला पाहून पाठीमागे केली. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवावं? विचारलं तर म्हणे, होडी धुतोय. घरी ठकीला विचारलं तर तिला एकदम दळण आठवलं आणि ती बाहेर गेली.

म्हणून आजपासून दोन्ही बॅटऱ्या मी संध्याकाळी घरी आणतो. आमच्या पलंगाखाली चार्जरला लावल्यात, तुझ्या वहिनी नाकाला पदर लावून झोपणार आहेत. त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. म्हणाला, एक तरी राहू द्या, होडीला लागेल. बांधलेल्या होडीला काय लागणार, अंगाई? खाई त्याला खवखवे.

तरी दोरी ओढून मशीन सुरू करता येतंच, हे मी विसरलेलो नाही. त्याला दोन-तीन दिवस गाफील राहू देतो, मग पहाटे जाळी विणणारे अण्णा आहेत ना, त्यांना साक्षीला घेऊन जाणार. सापडला तर होडीतून कायमचा उतरवतो. ठकीला त्याच्याबरोबर जायचं तर जाईल, राहायचं तर राहील. हे वाक्य दोनदा खोडलं, पण लिहिलं.

तुझा लोभ आहे म्हणून तुला सांगतो, दुसऱ्या कोणाला नाही.

तुझा,
दादा

ता. १६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र तुमच्या गावाला येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकाकांबरोबर देतेय. बाबा तुला काय लिहितात ते मला दाखवत नाहीत, पण पाकीट दोनदा चिकटवतात, म्हणजे आमच्याबद्दलच असणार.

आत्या, होडीत पाणी येतंय. मशीन बसवताना बाबांनी मागच्या फळीला पहिलं भोक चुकून खाली पाडलं. लक्षात आल्यावर लाकडाची खुंटी ठोकली, फटीत लांबी भरली, वर रंग दिला आणि कोणाला बोलले नाहीत. नवं मशीन जुन्यापेक्षा जड. होडी मागून खाली बसली आणि ते भोक पाण्याखाली गेलं. आता खुंटी सैल झालीय. रात्रभर पाणी झिरपतं, पंप ते उपसतो आणि त्यात बॅटरी संपते. पुढे जे साठतं ते हे पहाटे बाबांच्या आधी जाऊन बादलीने काढतात.

मी म्हटलं, सांगून टाका. तर म्हणाले, एवढ्या कौतुकाने ते अख्ख्या धक्क्याला आपलं काम दाखवतात, त्यांची मान माझ्यामुळे खाली नको. होडी रंगवायला वर ओढू तेव्हा गुपचूप बुजवतो. बाबांना सांगणार नाही अशी मला शपथ घातलीय. तू काही बाबा नाहीस, म्हणून तुला लिहितेय.

काल बाबांनी दोन्ही बॅटऱ्या घरी आणल्या. पंप बंद. काल अंधार पडल्यापासून हे होडीत बसून उपसत होते, आणि आज दिवसभर जाळं ओढून आता पुन्हा तिथेच निघालेत. बाबा आईला म्हणतात, बघ, आता घरीही झोपत नाही. यांचा डोळा लागला तर होडी जागेवरच बुडेल, आणि मग बाबा कोणाला बोल लावतील ते तुला ठाऊक आहे. मला भीती वाटते. काहीतरी कर, पण मी सांगितलं असं येऊ देऊ नकोस.

तुझ्या मायेवर भरवसा ठेवून,
ठकी

ता. १७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न.

फोन केला होता. वहिनी म्हणाल्या, तू फोनवर यायला तयार नाहीस, घरातल्या बायकांचा कट आहे म्हणतोस. म्हणून ड्रायव्हरच्या हाती ही चिठ्ठी.

वाचशील तिथून उठ आणि दोन नंबरची बॅटरी होडीत नेऊन जोड. पंप स्विचला विचारत नाही आणि तुझ्या दोऱ्यालाही धक्का लावत नाही. रोज बॅटरी उतरते म्हणजे रोज पाणी आत येतंय. चोर शोधायचा तर मागच्या फळीपाशी शोध. आणि पलंगाखाली चार्जिंग करू नकोस, त्यातून निघणारा वायू बंद खोलीत साठला तर एका ठिणगीने पेटेल. वहिनींची तरी दया कर.

खुशाली नंतर. आधी जा.

धाकटी

ता. २४ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझी चिठ्ठी पोचली तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवशी पहाटेच मी अण्णांना घेऊन गेलो होतो. माझ्या हातात काठी होती.

होडी बांधली होती तिथेच होती. फक्त मागून इतकी खाली गेली होती, की मशीनचं डोकं पाण्याला टेकायच्या बेतात. जावई आत पाण्यात बसून बादलीने उपसत होता. डोळे मिटलेले, हात तेवढे चालू. मी ठरवून आलो होतो म्हणून ओरडलो, की मासे कुठे आहेत. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, बाबा, बॅटरी आणलीत का.

एवढंच विचारलं. अण्णा माझ्या काठीकडे बघत होते.

मी घरी पळालो. दोन नंबरची बॅटरी दुखऱ्या खांद्यावर घेऊन आलो, जोडली, तसा पंप सुरू झाला. तो आवाज मी आजवर कधी लक्ष देऊन ऐकला नव्हता. जावई तिथेच फळीवर आडवा झाला आणि झोपला.

दुपारी होडी वर ओढली. सुताराने फळी खरवडली, खुंटी उपटली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरून विचारलं, ही करामत कोणाची. बघायला अर्धा धक्का जमला होता. मी तोंड उघडायच्या आत जावई म्हणाला, माझी. सुताराने त्याला नाही नाही ते ऐकवलं. असल्या हाताला होडीजवळ फिरकू देऊ नका, म्हणून मलाच बजावलं. लोक हसले, जावईही हसला. त्याच्या तळहाताची सालं निघाली होती.

मी त्याला ते ऐकून घेऊ दिलं. किती वेळ, ते विचारू नकोस. मग सुताराला म्हटलं, ते भोक मी पाडलंय. त्याला थट्टा वाटली. पुन्हा सांगावं लागलं.

धाकटे, मला लाज वाटली. भोकाची नाही गं, भोक कोणाच्याही हातून पडतं. दोऱ्याची वाटली. रात्री ते त्याला सांगितलं, तर म्हणाला, दोरा पाहिला होता, म्हणून स्विचला हात न लावता चढत-उतरत होतो, तुटला तर तुम्हाला वाईट वाटेल.

फळी आता पक्की आहे. बॅटऱ्यांचं चार्जिंग बाहेर पडवीत हलवलं, तुझ्या वहिनींनी नाकावरचा पदर काढला. ठकी अजून माझ्याशी तुटक बोलते, ते मी सोसतो.

एक मात्र विचारतो. इतक्या लांबून तुला मागची फळी कशी दिसली? ठकीला विचारलं तर म्हणते, माझी शपथ शाबूत आहे. कोणती शपथ, ते सांगत नाही. या घरात अजून काहीतरी शिजतंय, पण तपास मी सध्या थांबवलाय.

भाऊ जसा आहे तसा गोड मानून घे.

तुझा,
दादा

ता. क. संध्याकाळी स्विच 'बंद' करायचं काम आता जावयाकडे दिलंय. सकाळी दोन नंबरची बॅटरी भरलेली असते आणि होडीत थेंब नसतो. तरी तो अजून माझ्या आधी येऊन बसलेला असतो. का, ते मी विचारत नाही.